दुर्बिणीस जोडावयाचे फिल्टर : निवड आणि वापर

सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाशी, नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्या दरम्यान, खंडाळा तालुका पसरलेला आहे. (बोरघाटाच्या माथ्यावरचे, लोणावळ्याशेजारचे खंडाळे ते हे नव्हे.) पुणे-बंगळूर महामार्ग ह्या तालुक्यातून जातो. उत्तरेस शिरवळची औद्योगिक वसाहत व तिच्याही पलीकडे पुणे शहर ह्यांचा उजेड रात्री क्षितिजावर चढलेला असतो. दक्षिणेस घाटाची रांग क्षितिज उंचावते. दिवाळीनंतरच्या निरभ्र, चांदण्याविरहित रात्री एखादा हौशी निरीक्षक २०० मिलिमीटर व्यासाची परावर्तक दुर्बीण घेऊन येथल्या माळावर उभा राहिला, तर मृगातील तेजोमेघ त्यास सहज दिसतो. पण हंस राशीतील जाळीदार तेजोमेघ मात्र नकाशावरून बरोबर जागा शोधूनही हाती लागत नाही. अशा वेळी तो फिल्टरांच्या सूचीकडे वळतो. सूचीत पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत रंगीत काचा असतात, चांद्रनिरीक्षणाच्या करड्या काचा असतात आणि आरशासारख्या चकाकणाऱ्या, कित्येक हजार रुपये किमतीच्या तबकड्याही असतात. ह्यांपैकी कोणते घ्यावे, हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. चुकीच्या ठिकाणी लावलेला फिल्टर निरीक्षण बिघडवतो, आणि एका बाबतीत तर तो डोळाच घालवू शकतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. फिल्टर लावल्याने अंधूक वस्तू उजळते, अशी अनेकांची समजूत असते. मराठीत ‘गाळणे’ ह्या धातूचे दोन अर्थ आहेत. चहा गाळतो तेव्हा आपणांस हवे ते खाली उतरते व चोथा वर राहतो. परंतु मजकुरातील शब्द गाळतो तेव्हा शब्द वगळला जातो, ‘गाळलेल्या जागा’ उरतात. फिल्टरचे कार्य समजण्यास हा दुसरा अर्थ अधिक उपयोगी आहे. फिल्टर प्रकाशात काहीही घालत नाही. तो वर्णपटातील काही भाग वगळतो. त्यातून पाहिलेली प्रत्येक वस्तू मूळच्यापेक्षा मंदच दिसते. लाभ होतो तो इतकाच की, वस्तू थोडी मंद होते तेव्हा तिच्या मागची पार्श्वभूमी, किंवा तिच्याच शेजारचा भाग, त्याहून पुष्कळ अधिक मंद होतो. सारा व्यवहार ह्या तफावतीचा आहे. तफावत निर्माण होण्यासारखी नसेल तेथे फिल्टर लावणे म्हणजे दुर्बिणीचा व्यास आपल्या हाताने कमी करणे होय.

रचनेच्या दृष्टीने फिल्टरांची दोन कुळे आहेत. पहिल्यात काचेतच रंगद्रव्य मिसळलेले असते. नको असलेला प्रकाश काच शोषून घेते. दुसऱ्यात काचेवर अत्यंत पातळ थर एकावर एक चढविलेले असतात, आणि त्या थरांवरून परतणाऱ्या तरंगांच्या परस्पर-व्यतिकरणामुळे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाशच पलीकडे जातो. बाकीचा मागे फेकला जातो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे जे रंग दिसतात त्यांचे कारण हेच. पहिल्या कुळातील फिल्टर वर्णपटाचा मोठा प्रदेश तोडतात व त्यांच्या कडा उतरत्या असतात. दुसऱ्या कुळातील फिल्टर दहा-पंधरा नॅनोमीटर रुंदीची एखादी अरुंद फट ठेवून बाकी सारे बंद करू शकतात. मात्र अशी तबकडी प्रकाशाच्या मार्गात तिरपी झाली तर ती फट लघुतरंगांकडे सरकते, ही गोष्ट विसरू नये.

रंगीत काचांना जे क्रमांक असतात ते नवख्या माणसास बुचकळ्यात टाकतात. ८, ११, २१, २३ए, ४७, ८०ए ह्या संख्यांत तरंगलांबीही नाही आणि पारगमनाचे प्रमाणही नाही. फ्रेडरिक रॅटन ह्या इंग्रज व्यावसायिकाच्या नावाने ही क्रमांकपद्धती ओळखली जाते. त्याची संस्था १९१२ मध्ये कोडॅकने घेतली आणि छायाचित्रकारांसाठी तयार झालेली ही सूची दुर्बिणीच्या जगात जशीच्या तशी उतरली. म्हणजे ह्या संख्या वस्तुतः विशेषनामे आहेत. त्यांचा अर्थ लावू नये, त्या पाठ कराव्या. पाठ करण्यासारख्याही चार-पाचच आहेत. क्रमांक ८ हा फिकट पिवळा असून सुमारे ८३ टक्के प्रकाश पुढे जाऊ देतो. २१ हा नारिंगी, सुमारे ४६ टक्के. २५ हा गडद तांबडा, अवघा १४ टक्के. ८०ए निळा, सुमारे ३० टक्के. आणि ४७ हा जांभळा, जेमतेम ३ टक्के. ह्या आकड्यांवरूनच एक नियम निघतो : ६० किंवा ८० मिलिमीटरच्या लहान दुर्बिणीस २५ किंवा ४७ लावून ग्रह पाहू जाणे व्यर्थ आहे. १५० मिलिमीटरच्या खाली फिकट काचांवरच भागवावे.

ग्रहांपैकी रंगीत काचेचा खरा उपयोग मंगळाच्या बाबतीत होतो. नारिंगी किंवा तांबड्या काचेतून त्याचे तांबूस मैदानी प्रदेश उजळ राहतात व काळसर प्रदेश अधिक काळे दिसतात. निळ्या काचेतून पृष्ठभागाचे तपशील पुसट होतात आणि ध्रुवांवरची व कडेची पांढरी अभ्रे पुढे येतात. धुळीचे ढग ह्याच्या उलट, पिवळ्या-तांबड्या काचेत उजळतात. २०१८ च्या जुलै महिन्यात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता, तेव्हा त्या ग्रहावर सर्वव्यापी धुळीचे वादळ होते आणि महाराष्ट्रात भर पावसाळा. दोन्हींकडचे पडदे एकाच वेळी पडले होते, असे म्हणावयास हरकत नाही. गुरूच्या पट्ट्यांसाठी ८०ए चांगला. तांबडा डाग त्यात गडद होतो. शनीस क्रमांक ८ पुरेसा आहे. शुक्राच्या ढगांतील पुसट छटा जांभळ्या काचेत दिसतात असे अनुभवी निरीक्षक सांगतात, परंतु त्या छटांवर विश्वास ठेवण्यापूर्वी तेच निरीक्षण काच न लावता व दुसऱ्या निरीक्षकाकडून करवून घ्यावे. फिल्टरमधून दिसलेले खरे मानण्याची घाई कशी अंगाशी येते ह्याचा एक मोठा दाखला आहे. १९२४ साली लिक वेधशाळेत डब्ल्यू. एच. राइट ह्यांनी मंगळाची छायाचित्रे निरनिराळ्या रंगांच्या फिल्टरांतून घेतली. जांभळ्या प्रकाशात पृष्ठभागाच्या खुणा जवळजवळ नाहीशा झाल्या. त्यावरून मंगळाच्या वातावरणात जांभळा प्रकाश अडविणारा एखादा थर असावा, अशी कल्पना रूढ झाली आणि ती कित्येक वर्षे टिकली. पुढे असे ध्यानात आले की, त्या रंगात मंगळाच्या उजळ व काळ्या प्रदेशांतील तफावतच मुळात अल्प असते. तो थर मानण्याचे कारण नव्हते.

चंद्राविषयी थोडक्यात. दुर्बिणीतून दिसणारा पूर्णचंद्र डोळे दिपवितो, पण तो डोळ्यांस इजा करीत नाही. विस्तृत वस्तूचा पृष्ठतेज दुर्बीण उघड्या डोळ्यास दिसतो त्यापेक्षा वाढवू शकत नाही. करडी काच ही केवळ सोयीची वस्तू आहे. वर्धन वाढविले किंवा जवळ एखादा दिवा लावून ठेवला तरी तेच साधते. घ्यावयाचीच असेल तर एकमेकींवर फिरणाऱ्या दोन ध्रुवणकाचांची जोडी घ्यावी. तीत मंदपणा हवा तेवढा ठेवता येतो.

आता तेजोमेघांकडे वळू. येथे फिल्टर सोय न राहता निरीक्षणाचे साधन होते, आणि ह्या साधनामागील इतिहासाचा एक धागा पुण्यातून जातो.

१८६४ मध्ये विल्यम हगिन्स ह्यांनी कालेय राशीतील एका ग्रहाकार तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्याप्रमाणे सलग पट्टा दिसण्याऐवजी तेथे मोजक्या तेजस्वी रेषाच होत्या. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांची गर्दी नव्हे, विरळ तप्त वायू होय, हे त्या रेषांनी सिद्ध केले. त्यांपैकी सर्वांत ठळक, हिरवट रेषा कोणत्या मूलद्रव्याची, ह्यावर पुढे मोठा वाद झाला. नॉर्मन लॉकियर ह्यांच्या उल्कावादानुसार ती मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची कड होती. तसे असते तर ती एका बाजूस पुसट होत गेलेली दिसावयास हवी होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनी १८९१ मध्ये मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाची निरीक्षणे प्रसिद्ध केली. ती रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव आहे, असे त्यांस आढळले. म्हणजेच लॉकियर ह्यांची उपपत्ती टिकणारी नव्हती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेचे ते प्रमुख होते. तेथील २० इंची ग्रब परावर्तक दुर्बीण, नायगमवाला निवृत्त होऊन १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली तेव्हा, कोडाईकनालला गेली.

रेषा मॅग्नेशियमची नाही, मग कशाची? पृथ्वीवरील कोणत्याही द्रव्याशी ती जुळेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचे एक मूलद्रव्यच कल्पिण्यात आले. भाषेच्या अभ्यासकास हे प्रकरण मोठे मनोरंजक वाटावे. नाम होते, त्याची व्युत्पत्ती होती, ते ग्रंथांतून व कोशांतून वावरत होते. केवळ त्या नामाने दाखविलेली वस्तू अस्तित्वात नव्हती. १९२७ मध्ये आयरा बोएन ह्यांनी कोडे सोडविले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अत्यंत विरळ स्थितीत असता ज्या रेषा सोडतो त्या ह्या. प्रयोगशाळेतील दाट वायूत त्या प्रकट होत नाहीत. त्यांच्या तरंगलांबी ५००.७ व ४९५.९ नॅनोमीटर. हायड्रोजनची एच-बीटा रेषा ४८६.१ वर असते. आज ‘ओ-तीन’ ह्या नावाने विकली जाणारी तबकडी म्हणजे पहिल्या दोन रेषांपुरती ठेवलेली फट होय. नायगमवाला ज्या रेषेची कड तपासत होते, नेमकी तीच.

ह्या रेषा निरीक्षकाच्या पथ्यावर पडणाऱ्या ठिकाणी आहेत. अंधारास सरावलेल्या डोळ्याची संवेदनक्षमता ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. उलट, छायाचित्रांतील तेजोमेघांस गुलाबी रंग देणारी हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा अशा डोळ्यास जवळजवळ दिसतच नाही. छायाचित्र पाहून दुर्बिणीशी गेलेल्या विद्यार्थ्याची निराशा होते ती ह्यामुळे. आता हिशेब पाहू. आकाशाचा उजेड ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत सारखा पसरला आहे असे क्षणभर मानले, तर २५ नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर त्याचा बारावा हिस्सा तेवढा ठेवतो. तेजोमेघाचा दृश्य प्रकाश मात्र त्या तीन रेषांतच एकवटलेला असल्याने जवळजवळ पूर्ण राहतो. तफावत दहापटीच्या घरात वाढते. ताऱ्यांना हे गणित लागू नाही. त्यांचा प्रकाश आकाशाच्या उजेडासारखाच सर्वत्र पसरलेला असल्याने दोन्ही सारख्याच प्रमाणात कापले जातात. म्हणून देवयानीतील दीर्घिका, तारकागुच्छ, अथवा कृत्तिकेभोवतीचे परावर्तित प्रकाशाचे धुके ह्यांस कोणताही तेजोमेघ-फिल्टर उपकारक नाही.

तेजोमेघ-फिल्टर चार प्रकारचे मिळतात. सर्वांत रुंद फट असलेले ‘प्रदूषणरोधक’, तिन्ही रेषा सामावून घेणारे, सुमारे २५ नॅनोमीटरचे ‘यूएचसी’, सुमारे १० नॅनोमीटरचे ‘ओ-तीन’, आणि एच-बीटा. ज्यास एकच घेणे परवडते त्याने यूएचसी घ्यावा. जाळीदार तेजोमेघ आणि बहुतेक ग्रहाकार तेजोमेघ ओ-तीनमध्ये अधिक खुलतात, परंतु त्यात तारे फार मंदावतात व क्षेत्र ओकेबोके वाटते. एच-बीटाचे गिऱ्हाईक थोडे. मृगातील अश्वमुख आणि ययातीतील कॅलिफोर्निया तेजोमेघ, एवढ्यासाठी तो विकत घेण्यापेक्षा मंडळातील एखाद्याकडून मागून आणावा.

खंडाळा १८ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, आणि येथला पावसाळा चार महिन्यांचा. ह्या दोन गोष्टींनी निरीक्षणाचा क्रम ठरतो. धनू राशीतील लगून तेजोमेघ येथे ४७ अंशांपेक्षा किंचित अधिक उंच येतो, पण तो मध्यरात्री मध्यमंडलावर असण्याचे दिवस जूनअखेरीचे. म्हणून एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर जागावे लागते. नौकातलातील ईटाभोवतीचा तेजोमेघ केवळ १२ अंश उंचीवर येतो. युरोपातील निरीक्षकास तो मुळीच दिसत नाही. घाटाच्या रांगेपासून जरा दूर सरकून, यूएचसी लावून तो अवश्य पाहावा. हंसातील जाळीदार तेजोमेघ ऑक्टोबरच्या मध्यास सायंकाळी पावणेआठच्या सुमारास मध्यमंडलावर असतो. तो खस्वस्तिकाच्या उत्तरेस, ७७ अंशांवर असतो. म्हणजे पुण्याच्या उजेडाच्या बाजूसच. आरंभी उल्लेखिलेल्या निरीक्षकाची अडचण तीच होती. ओ-तीन लावल्यावर त्यास त्या तेजोमेघाची पूर्वेकडील कमान दिसावयास हवी.

दिसावयास हवी, पण नेत्रिका योग्य असेल तर. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या किरणशलाकेचा व्यास हा येथे निर्णायक असतो. दुर्बिणीच्या व्यासास वर्धनाने भागले की तो मिळतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीस २५ मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास वर्धन ४८ व किरणशलाका सुमारे ४.२ मिलिमीटर, ओ-तीनसाठी हे उत्तम. तेथेच १० मिलिमीटरची नेत्रिका लावली तर किरणशलाका १.७ मिलिमीटरवर येते आणि मोठा, विरळ तेजोमेघ काळोखात बुडतो. फिल्टर नेत्रिकेच्या नळीत खालून आट्यांनी बसतो, परंतु पहिल्या शोधात तो न बसविता बोटांत धरून नेत्रिका आणि डोळा ह्यांच्या मधून आतबाहेर करावा. तारे विझल्यासारखे होतात व लहानसा ग्रहाकार तेजोमेघ तसाच राहतो. ताऱ्यांच्या गर्दीतून तो अशा रीतीने तत्काळ ओळखता येतो. डोळे निदान अर्धा तास अंधारात असावेत आणि डोक्यावरून काळे कापड घ्यावे. पाठीमागून येणारा उजेड तबकडीच्या आरशासारख्या पृष्ठावरून थेट डोळ्यात परततो.

ह्या सर्व विवेचनात आकाशाच्या उजेडाचा प्रकार गृहीत धरला गेला आहे, आणि तोच आता बदलला आहे. जुने प्रदूषणरोधक फिल्टर पारा व सोडियम ह्यांच्या दिव्यांसाठी योजलेले होते. पाऱ्याच्या ठळक रेषा ४३५.८ व ५४६.१ नॅनोमीटरवर, सोडियमची जोडी ५८९ च्या आसपास. त्या तेवढ्या तोडल्या की आकाश काळे होई. २०१५ च्या जानेवारीत केंद्र शासनाची पथदीपांची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि देशभरात एक कोटीहून अधिक पथदीपांच्या जागी एलईडी दिवे आले. विजेच्या दृष्टीने हा लाभच आहे. परंतु पांढऱ्या एलईडीचा प्रकाश ४५० नॅनोमीटरजवळच्या निळ्या शिखरापासून तांबड्यापर्यंत सलग पसरलेला असतो. त्यात तोडण्याजोगी सुटी रेषा नसते. रुंद फटीच्या फिल्टरांची उपयुक्तता त्यामुळे फार घटली आहे आणि ते विकत घेण्याची शिफारस आज करता येत नाही. अरुंद फटीचे अद्याप टिकून आहेत, कारण ते दिव्याचा प्रकार पाहत नाहीत. दीर्घिका व तारकागुच्छ ह्यांना मात्र कोणतेही साधन उरलेले नाही. त्यांच्यासाठी दिव्यावर झाकण आणि काळोखी जागा हेच उपाय. नागपूरकडच्या पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळांस तितके दूर जाणे रोजचे नव्हे. नीरेच्या खोऱ्यातील माळ अंधारे राखण्याचा विचार ह्या भागातील ग्रामपंचायतींनी व कारखान्यांनी करावयास हवा. दिव्याचे तोंड जमिनीकडे वळविण्यास फारसा खर्च येत नाही.

फिल्टरांना दमट हवेत बुरशी धरते. पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, आणि पृष्ठभाग धोतराच्या सोग्याने पुसू नये.

सूर्याचा विषय अखेरीस ठेवला आहे, कारण त्यात निवडीस वावच नाही. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्यापूर्वी, घट्ट बसला पाहिजे आणि त्याने दृश्य प्रकाशाचा सुमारे एक लाखावा भागच आत सोडला पाहिजे. जुन्या लहान दुर्बिणींबरोबर नेत्रिकेत बसविण्याची एक गडद काच येत असे; ती आढळल्यास फोडून टाकावी. एकवटलेल्या उष्णतेने ती निरीक्षण चालू असतानाच तडकू शकते. ग्रहणाचे कागदी चष्मे उघड्या डोळ्यांसाठी असतात. ते घालून दुर्बिणीत पाहणे तितकेच घातक. काजळी धरलेली काच आणि क्ष-किरणांची जुनी फिल्म डोळ्यांस दिपवू देत नाहीत, पण अवरक्त किरण त्यांतून जाऊ शकतात. आणि दृष्टिपटलास वेदना होत नसल्याने इजा झाल्याचे तेव्हा कळतही नाही. २ ऑगस्ट २०२७ चे खग्रास सूर्यग्रहण महाराष्ट्रातून दुपारनंतर खंडग्रास दिसणारे आहे. दिवस पावसाळ्याचे असल्याने ढगाआडून सूर्य फिकट दिसेल आणि ढग हाच फिल्टर, असा मोह होईल. ढग केव्हा विरेल ह्याचा नेम नसतो. शाळेच्या पटांगणात मुले जमवावयाची असतील तर लहान अपवर्तक दुर्बिणीतून सूर्याचे बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडावे, शोधक-दुर्बिणीवर टोपी चढवावी, आणि नळीशेजारी एक जबाबदार माणूस शेवटपर्यंत उभा करावा.